दुधातला युरिया मिलिव्होल्टमध्ये: सोयाबीनचं एन्झाइम वापरून बायोसेन्सर कसा बांधावा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांमध्ये सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की फॅट आणि एसएनएफचा (फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांचा) आकडा तिथल्या तिथे पावतीवर येतो. युरियाचा आकडा मात्र बहुतेक ठिकाणी येत नाही. पाणी घातल्यामुळे खाली गेलेलं एसएनएफ वर दाखवायला युरिया घातला जातो, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण दुधात युरिया सापडला म्हणजे भेसळ झाली, असंही नाही. चाऱ्यातल्या प्रथिनांपासून जनावराच्या पोटात अमोनिया तयार होतो, यकृत त्याचा युरिया करतं आणि रक्तातून तो दुधात उतरतो. सरकी पेंड सढळ आणि ऊर्जा देणारा खुराक कमी, असं झालं की निखळ दुधातही युरिया वाढतो. नुसत्या उसाच्या वाड्यावर असलेल्या म्हशीच्या दुधात तो कमी निघतो. एफएसएसएआय या देशाच्या अन्न नियामक संस्थेने दुधासाठी १०० मिलीमागे ७० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा घातली आहे. म्हणून खरा प्रश्न ‘आहे की नाही’ हा नाहीच, ‘किती आहे’ हा आहे.

घरगुती तपासणी सगळ्यांना माहीत असते: दुधात सोयाबीन किंवा तुरीचं पीठ ढवळायचं, पाच मिनिटांनी लाल लिटमस बुडवायचा, निळा झाला तर युरिया. चाचणी चांगली आहे, पण उत्तर रंगात देते आणि रंग वाचणारा डोळा माणसागणिक बदलतो. तीच रासायनिक क्रिया ठेवून लिटमसच्या जागी विद्युत मोजमाप आणलं की तो बायोसेन्सर होतो. अकरावी-बारावीचे विद्यार्थी, विज्ञान मंडळ चालवणारे शिक्षक, पदवीच्या प्रकल्पाच्या शोधात असलेली मुलं आणि संस्थेतले उत्साही सचिव यांना हे उपकरण बांधता यावं, या बेताने पुढचं लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. या उपकरणात सर्वांत मोलाचा भाग इलेक्ट्रोड नाही, चिप नाही आणि एन्झाइमही नाही. मोलाचा आहे तो दुसरा पेला, ज्यात तेच दूध असतं, तेवढंच सोयाबीनचं पाणी असतं, पण ते पाणी उकळून त्यातलं एन्झाइम निकामी केलेलं असतं. संस्थेत काट्यावर रिकामी बादली ठेवून आधी शून्य करतात ना, तेच काम हा पेला करतो. तो नसेल तर पडद्यावरचा आकडा कितीही दशांशांपर्यंत आला तरी त्याला अर्थ नाही.

विजेत बदल होतो कुठे

युरियाच्या रेणूवर विद्युतभार नाही. थेट इलेक्ट्रोड बुडवला तर तो काहीच सांगत नाही. युरिएज हे एन्झाइम त्याचं विघटन करतं: युरियाच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक. अमोनिया पाण्यातले हायड्रोजन आयन उचलून अमोनियम होतो, द्रावण अल्कलीकडे सरकतं, पीएच वाढतो. पीएच संवेदी काचेच्या पातळ फुग्यावर हाच बदल व्होल्टेज म्हणून उमटतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच एकने वाढला की व्होल्टेज ५९.१६ मिलिव्होल्टने बदलतं. नर्न्स्टच्या समीकरणातून येणारा हा आकडा तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.२ मिलिव्होल्टने वाढतो, म्हणून ३० अंशांना तो ६०.१५ होतो. आदर्श इलेक्ट्रोड यापेक्षा जास्त देऊ शकत नाही, जुना-मळका इलेक्ट्रोड मात्र कमी देतो.

साखळी अशी आहे: युरिया, एन्झाइम, अमोनिया, पीएच, व्होल्टेज. एन्झाइम निवड करतं, कारण ते युरियालाच ओळखतं. काच मोजते, पण तिला युरिया, सोडा आणि आंबलेलं दूध यातला फरक कळत नाही. दुसऱ्या पेल्याची गरज नेमकी इथेच लागते.

ही वाट जुनी आहे. जेम्स समनर यांनी १९२६ साली अबईच्या जातीतल्या एका शेंगेच्या बियांतून युरिएजचे स्फटिक काढले आणि एन्झाइम हे प्रथिन असतं हे दाखवलं. त्यासाठी १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये एन्झाइम आणि इलेक्ट्रोड एकत्र आणण्याची कल्पना मांडली. गिलबॉल्ट आणि मोंटाल्व्हो यांनी १९६९ मध्ये युरियासाठी एन्झाइमचा थर दिलेला इलेक्ट्रोड बनवला. आज ग्लुकोमीटरच्या पट्टीत जे घडतं तेही याच घराण्यातलं. फक्त तिथे व्होल्टेजऐवजी प्रवाह मोजतात.

सामान

पीएचचा काचेचा संयुक्त इलेक्ट्रोड, बीएनसी जोडणीचा. ६.८६ आणि ९.१८ पीएचच्या बफर पुड्या (पाण्यात विरघळवल्या की ठरलेला पीएच देणाऱ्या). एलएमसी ६४८२ हा ऑप-अँप, म्हणजे क्षीण संकेत उचलणारा आयसी. व्होल्टेज बारीक मोजून आकडा देणारं एडीएस १११५ चं मॉड्यूल. अर्डुइनो बोर्ड, ५ व्होल्टचा कुठलाही चालेल. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, १ किलोओहमचा एक, १० मेगाओहमचे दहा. ०.१ आणि १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. १ मिलीच्या इन्सुलिन सिरिंज आणि ५ मिलीच्या साध्या सिरिंज. डिस्टिल्ड पाणी. प्रयोगशाळेच्या दर्जाचा युरिया. खताच्या पोत्यातला युरिया घेऊ नका: तो कडुलिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, त्यात बाययुरेटही असतं आणि प्रमाण द्रावण बनवायला तो शुद्ध नाही.

आणि सोयाबीन. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत कुठल्याही धान्याच्या दुकानात मिळेल, पण कच्चं, न भाजलेलं हवं. तेल काढलेली पेंड किंवा सोया चंक्स नकोत. कारखान्यात त्यांना मुद्दाम उष्णता देतात आणि युरिएज त्यातच मरतं. पेंड नीट भाजली गेली की नाही हे पशुखाद्यवाले युरिएज उरलं आहे का यावरूनच तपासतात. आपल्याला जे हवं, तेच त्यांना नको असतं.

इलेक्ट्रोडची वाहिनी: इथे घाई करू नका

मुलं साधारण पहिला प्रयोग असा करतात की इलेक्ट्रोडची दोन टोकं थेट मल्टिमीटरला लावतात आणि आकडा भलताच येतो. कारण काचेच्या फुग्याचा रोध १०० मेगाओहमच्या घरात असतो, तर साध्या डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध १० मेगाओहम. दोन्ही एकापाठोपाठ जोडले गेल्यावर मीटरच्या वाट्याला व्होल्टेजचा अकरावा हिस्साच येतो. म्हणून मधे असा ऑप-अँप हवा जो इलेक्ट्रोडकडून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. एलएमसी ६४८२ चा इनपुट प्रवाह फेम्टोअँपिअरच्या पातळीवर असतो. १०० मेगाओहममधून तेवढा प्रवाह गेला तरी चूक मायक्रोव्होल्टमध्येच राहते. शिवाय तो अर्डुइनोच्या ५ व्होल्टवर चालतो. जुना ७४१ ऑप-अँप इथे कामाचा नाही.

आयसीत दोन ऑप-अँप आहेत. ८ क्रमांकाच्या पिनला ५ व्होल्ट, ४ ला ग्राउंड, दोन्हींमध्ये ०.१ मायक्रोफॅरड. १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरनी ५ व्होल्टचे निम्मे करून २.५ व्होल्ट पिन ३ ला द्या आणि पिन २ व १ एकमेकांना जोडा. पिन १ वर आता स्थिर २.५ व्होल्ट मिळतात. हेच बीएनसीच्या बाहेरच्या कड्याला, म्हणजे इलेक्ट्रोडच्या संदर्भ बाजूला जोडायचे. असं केल्याने धन आणि ऋण दोन्ही व्होल्टेज एकाच पुरवठ्यावर वाचता येतात. बीएनसीचं मधलं टोक पिन ५ ला, पिन ६ व ७ एकमेकांना. पिन ७ मधून १ किलोओहम आणि पुढे ग्राउंडकडे १० मायक्रोफॅरड, धन टोक वाहिनीकडे. तिथून एडीएस १११५ च्या ए-शून्यला. पिन १ चे २.५ व्होल्ट ए-एकला.

पिन ५ कडे विशेष लक्ष द्या. ती बोर्डात सोल्डर करू नका. आयसी बसवण्यापूर्वी ती वर वाकवा आणि बीएनसीच्या मधल्या टोकाची तार हवेतच तिला सोल्डर करा. कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओली असते आणि बोर्डावरच्या फ्लक्सच्या चिकट थरावर ओल बसली की तो थरच वीज वाहू लागतो. १०० मेगाओहमच्या शेजारी असली गळती फार महाग पडते. उन्हाळ्यात बिनतक्रार चाललेलं उपकरण जुलैमध्ये भरकटायला लागलं तर पहिला संशय इथेच घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने सोल्डरिंग धुऊन काढा, हेअर ड्रायरने वाळवा, डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि बीएनसीला बोट लावू नका.

एडीएस १११५ कशासाठी? साध्या अर्डुइनोचा आतला एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, १० बिटांचा, म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ भाग. एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टची आणि एका पीएचला जेमतेम १२ पायऱ्या. एवढ्या जाड मापात दुधातला फरक हरवून जाईल. एडीएस १११५ चा गेन आठवर ठेवून ए-शून्य व ए-एकमधला फरक वाचला तर मर्यादा अधिक-उणे ५१२ मिलिव्होल्टची होते आणि एक पायरी ०.०१५६२५ मिलिव्होल्टची. प्रोग्रॅममध्ये एवढंच करायचं: शंभरेक वाचनं घ्या, सरासरी काढा, ०.०१५६२५ ने गुणा, दर दोन सेकंदांनी सिरियल मॉनिटरवर छापा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, कारण मेन लाइनची ५० हर्ट्झची गुणगुण या वाहिनीत सहज शिरते.

दूध आणण्यापूर्वी दोन परीक्षा घ्या. बीएनसीचं मधलं टोक आणि कडं तारेने जोडा, वाचन शून्याच्या आसपास दोन-चार मिलिव्होल्टमध्ये आलं पाहिजे. मग तार काढून तिथे १० मेगाओहमचे दहा रेझिस्टर एकापाठोपाठ लावा. वाचन एक मिलिव्होल्टपेक्षा जास्त हललं तर कुठेतरी गळती आहे, पुन्हा धुवा. या दुसऱ्या परीक्षेत पास झालेल्या वाहिनीवर पुढे डोळे झाकून विश्वास ठेवता येतो.

त्यानंतर बफर. इलेक्ट्रोड ६.८६ मध्ये ठेवून वाचन स्थिर होऊ द्या, डिस्टिल्ड पाण्याने विसळा, टिपकागदाने टिपा (पुसू नका, काचेवर स्थिर वीज जमते) आणि ९.१८ मध्ये ठेवा. दोन वाचनांत २५ अंशांना १३७ मिलिव्होल्टचा फरक यायला हवा. १३० पर्यंत चालेल. त्याखाली गेला तर इलेक्ट्रोड धुऊन पाहा आणि तरीही सुधारला नाही तर बदला. पीएच वाढला की वाचन ऋणाकडे जातं, हे लक्षात असू द्या.

सोयाबीनचं पाणी: जिवंत आणि मेलेलं

कच्चं सोयाबीन मिक्सरमध्ये थांबत-थांबत दळा, भांडं तापू देऊ नका. १० ग्रॅम बारीक पिठात १०० मिली गार डिस्टिल्ड पाणी घालून अर्धा तास अधूनमधून ढवळा, मग मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा आणि फ्रिजमध्ये तासभर निवळू द्या. वरचं पाणी वापरायचं. पुस्तकांत इथे फॉस्फेट बफर घालायला सांगितलेलं असतं. शुद्ध एन्झाइमवर काम करताना ते योग्यच आहे, पण आपण घालायचं नाही. बफरचं कामच पीएच हलू न देणं आणि दुधात तो आधीच मुबलक आहे.

निम्मं पाणी वेगळ्या भांड्यात घेऊन २० मिनिटं खळखळून उकळा. सोयाबीनचं युरिएज चिवट आहे, नुसतं गरम केल्याने ते मरत नाही. आटलेलं पाणी डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा मूळ खुणेपर्यंत भरा. नाहीतर मेलेलं पाणी जिवंतापेक्षा दाट होईल आणि दोन पेल्यांची बरोबरी मोडेल.

दोन्ही खरंच तसे आहेत का, हे हळदीच्या कागदावर पाहता येतं. हळद थोड्या स्पिरिटमध्ये कालवून टिपकागदाला लावा व वाळवा. दोन पेल्यांत थोडं डिस्टिल्ड पाणी आणि चिमूटभर युरिया घ्या, एकात जिवंत पाणी घाला, दुसऱ्यात मेलेलं. पंधरा-वीस मिनिटांनी जिवंत पेल्यातला कागद तांबूस तपकिरी व्हायला हवा, मेलेल्यातला पिवळाच राहायला हवा. मेलेल्यातलाही बदलला तर आणखी उकळा. जिवंत पाणी फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच ठेवा आणि प्रत्येक बॅचला ही चाचणी घ्याच.

मोजमाप

म्हशीच्या दुधात साय भरपूर आणि ती काचेवर थर धरते. दूध फ्रिजमध्ये उभं ठेवून साय वर आली की सिरिंजने खालचं दूध काढून घ्या. युरिया पाण्याच्या भागात असतो, साय काढल्याने तो जात नाही. दूध ताजं हवं. तपासणीसाठी फॉर्मेलिन घालून ठेवलेला नमुना इथे निरुपयोगी, कारण फॉर्मेलिनने एन्झाइमच बंद पडतं.

प्रमाण द्रावण: १ ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून १०० मिली करा. म्हणजे दर मिलीत १० मिलिग्रॅम. रोज ताजं करा.

आता चार जोड्या मांडा, म्हणजे आठ पेले. प्रत्येकात २० मिली दूध. पहिल्या जोडीत युरियाचं द्रावण शून्य, दुसरीत ०.४ मिली, तिसरीत ०.८ मिली, चौथीत १.२ मिली. म्हणजे दुधाच्या दर १०० मिलीमागे ०, २०, ४० आणि ६० मिलिग्रॅम युरिया आपण मुद्दाम घातला. पहिल्या तीन जोड्यांत अनुक्रमे १.२, ०.८ आणि ०.४ मिली डिस्टिल्ड पाणी घाला म्हणजे सगळ्यांचं आकारमान सारखं होईल. आठही पेले कोमट, ३५ ते ३७ अंशांच्या पाण्याच्या परातीत दहा मिनिटं ठेवा. मग प्रत्येक जोडीतल्या एका पेल्यात २ मिली जिवंत पाणी, दुसऱ्यात २ मिली मेलेलं. ढवळा, सगळे सारख्याच झाकणाने झाका. क्रियेत कार्बन डायऑक्साइडही सुटतो. एक पेला उघडा आणि दुसरा झाकलेला राहिला तर तो वायू कमी-जास्त उडतो आणि पीएचही त्याप्रमाणे सरकतो.

अर्धा तास थांबा. मग पेल्यांना ज्या क्रमाने सोयाबीनचं पाणी घातलं त्याच क्रमाने वाचन घ्या, मधे इलेक्ट्रोड विसळून टिपा. वाचन एका मिनिटात अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षा कमी हलायला लागलं की ते लिहून घ्या. पहिल्या पेल्याचं वाचन दहा मिनिटांनी पुन्हा घ्या. ते आणखी ऋण झालं असेल तर क्रिया संपलेली नाही, सगळ्यांनाच वेळ द्या.

प्रत्येक जोडीतल्या दोन वाचनांचा फरक हाच आपला संकेत. आलेखावर आडव्या अक्षावर घातलेला युरिया, उभ्या अक्षावर फरक. चार बिंदूंतून रेषा ओढा आणि ती मागे, शून्याच्या डावीकडे, आडव्या अक्षाला मिळेपर्यंत वाढवा. जिथे मिळते तेवढा युरिया दुधात मुळातच होता. हिशेबापुरतं धरा की फरक १५, २५, ३५ आणि ४५ मिलिव्होल्ट आले. २० मिलिग्रॅमला १० मिलिव्होल्ट, म्हणजे मिलिग्रॅमला अर्धा. मग १५ मिलिव्होल्ट म्हणजे १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम. तुमचे आकडे वेगळे येतील, येऊ द्या. त्याच दुधातून निघालेली तुमची रेषाच तुमचं माप आहे.

इतका खटाटोप कशासाठी, एकदाच आलेख काढून सगळ्या दुधांना का लावू नये? दुधातले केसीन, फॉस्फेट आणि सायट्रेट पीएचला धरून ठेवतात आणि ही पकड गाईच्या, म्हशीच्या, पहिल्या महिन्यातल्या आणि आटत आलेल्या दुधात वेगवेगळी असते. तेवढ्याच युरियाला एका दुधात २० मिलिव्होल्ट मिळतील, दुसऱ्यात १४. त्याच दुधात माहीत असलेला युरिया घालून रेषा काढली की पकड कितीही असो, ती दोन्हीकडे सारखीच लागते. बाहेरून विकत आणलेलं कुठलंही उपकरण हे दुधागणिक करत नसेल तर त्याच्या आकड्याकडे मी सावधपणे पाहीन. बिंदू वरच्या टोकाला थोडे वाकलेले दिसतील, कारण पीएच वाढेल तशी पकडही बदलते. फार वाकले तर ६० चा बिंदू सोडून पहिल्या तिघांची रेषा घ्या.

दूध थोडं आंबलेलं असेल किंवा त्यात सोडा घातला असेल तर दोन्ही पेल्यांचं मूळ वाचन सरकेल, पण सारखंच सरकेल आणि फरकातून वजा होईल. एक खूण मात्र जपून पाहा: युरिया घातलेल्या जोड्यांतही फरक येतच नसेल तर दुधात एन्झाइमला मारणारं काहीतरी आहे. सोयाबीनचं पाणी हळदीच्या परीक्षेत पास झालेलं असताना असं घडलं तर फॉर्मेलिनसारख्या टिकवणाऱ्या रसायनाचा संशय रास्त आहे. तिथे ‘युरिया शून्य’ असं लिहू नका.

एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवायचं असेल तर

आतापर्यंत एन्झाइम पेल्यात मोकळं होतं. ते काचेवरच बसवलं की दर नमुन्याला नवं पाणी घालावं लागत नाही आणि उपकरण खऱ्या अर्थाने बायोसेन्सर होतं. प्रयोगशाळेत यासाठी ग्लुटारल्डिहाइडने एन्झाइम जखडतात. ते विषारी आहे, शाळेत आणू नये. त्याऐवजी चायना ग्रास वापरा: ३ ग्रॅम चायना ग्रास ५० मिली पाण्यात उकळून विरघळवा, ४५ अंशांपर्यंत निवू द्या, तेवढंच कोमट केलेलं जिवंत पाणी मिसळा. इलेक्ट्रोडच्या फुग्यावर नायलॉनची बारीक जाळी ताणून दोऱ्याने बांधा, मिश्रणात बुडवून काढा आणि गोठू द्या. थर पातळ हवा, कारण युरियाला आत शिरायला आणि अमोनियाला बाहेर पडायला वेळ लागतो. मेलेल्या पाण्याचा असाच थर दिलेला दुसरा इलेक्ट्रोड जोडीला लागेलच. थरातून एन्झाइम हळूहळू झिरपतं, म्हणून रोज सकाळी युरियाच्या ज्ञात द्रावणात तपासणी करा. माझं मत विचाराल तर आधी पेल्यांची पद्धत पक्की बसवा, मगच इकडे वळा.

पदवीच्या विद्यार्थ्यांना आणखी पुढे जाता येईल. पीट बर्गफेल्ड यांनी १९७० मध्ये मॉसफेट या ट्रान्झिस्टरचं धातूचं गेट काढून तिथे द्रावणच आणलं आणि आयनांना संवेदी ट्रान्झिस्टर बनवला. त्याचाच सोपा अवतार म्हणजे गेट तारेने लांब नेऊन त्या टोकाला टिन ऑक्साइडसारखा पीएचला प्रतिसाद देणारा थर ठेवणं: ट्रान्झिस्टर कोरडा राहतो, थर तेवढा ओला होतो आणि बदलताही येतो. वरची सगळी पेल्यांची मांडणी तशीच चालते, फक्त काचेच्या इलेक्ट्रोडची जागा हा थर घेतो. चांदीकामाच्या हुपरीकडच्या मुलांना याच उपकरणाचा उलटा प्रयोग जवळचा वाटेल. चांदीचे आयन युरिएजला फार कमी प्रमाणातही रोखतात, तेव्हा युरिया ठरलेला ठेवून पाण्याचा नमुना बदलला तर संकेत किती घटला यावरून विरघळलेल्या चांदीचा अंदाज येतो. पारा आणि तांबंही असंच रोखतात, म्हणून नेमका कुठला धातू आहे ते या प्रयोगातून कळत नाही.

इलेक्ट्रोडची निगा

दुधानंतर लगेच कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, डिस्टिल्ड पाण्याने विसळा. प्रतिसाद मंदावला तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटं बुडवा आणि बफरमध्ये पुन्हा तपासा. ठेवताना पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा: पाण्यात २२.४ ग्रॅम विरघळवून १०० मिली करा. डिस्टिल्ड पाण्यात कधीच ठेवू नका, आतले आयन बाहेर ओढले जातात. तपासलेलं दूध पिऊ नका आणि जनावरांनाही पाजू नका.

आकडा हाती आल्यावर

शेतकऱ्याच्या घरचं दूध असेल आणि आकडा ५० च्या वर राहत असेल तर गोठ्याकडे पाहा: पेंड किती, मका-ज्वारीसारखा ऊर्जेचा भाग किती, कोवळी हिरवी वैरण किती. खुराक बदलून आठवड्याने त्याच जनावराचं, त्याच वेळचं दूध पुन्हा मोजा. इथे या उपकरणाचा उपयोग मला सर्वांत जास्त वाटतो, कारण जास्तीचा युरिया म्हणजे विकत आणलेलं प्रथिन लघवीवाटे आणि दुधावाटे वाया जाणं.

बाहेरच्या दुधाचा आकडा ७० च्या वर आला तरी एका वाचनावर कुणाचं नाव घेऊ नका. नव्या सोयाबीनच्या पाण्याने, दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यावर पुन्हा मोजा. तरीही तसाच आला तर प्रकरण अन्न व औषध प्रशासनाकडे न्यायचं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. तुमच्या मिलिव्होल्टचा आलेख तिथे पुरावा म्हणून चालणार नाही. पिशवीबंद दूध असेल तर त्याच बॅचची न उघडलेली पिशवी, बिलासकट, थंड ठेवून सोबत न्या.